मॉडचिपचे सोल्डरिंग: जोड कुठे आणि का चुकतो

गेम कन्सोलच्या बोर्डावर उत्पादकाने न बसवलेली, पण नंतर काही तारा सोल्डर करून जोडलेली छोटी चिप म्हणजे मॉडचिप. कन्सोल सुरू होत असताना नेमक्या क्षणी एखादा संकेत पुरवणे किंवा बदलणे हे तिचे काम असते. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये विक्रीस आलेल्या सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनमध्ये सापडते. त्याच्या अस्सल तबकडीच्या सुरुवातीच्या भागात लेझरच्या वाटेला कारखान्यातच एक अतिसूक्ष्म नागमोड दिलेली असते आणि त्या नागमोडीत चार अक्षरे साठवलेली असतात: जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए आणि युरोपसाठी एससीईई. घरगुती सीडी रायटरला ही नागमोड उमटवता येत नाही, त्यामुळे नकलेत ही अक्षरे नसतात; परदेशातून आणलेल्या अस्सल तबकडीत ती असतात, पण चौथे अक्षर जुळत नाही. मॉडचिप ही अक्षरे स्वतःच, सेकंदाला सुमारे २५० बिट इतक्या संथ गतीने, तबकडीवर देखरेख करणाऱ्या नियंत्रकाकडे पाठवते आणि कन्सोल तबकडी स्वीकारतो.

एवढ्या कामासाठी साधारणपणे किमान चार तारा लागतात: एक वीजपुरवठ्याची, एक ग्राउंडची म्हणजे सर्व मंडलांच्या सामाईक शून्य-पातळीची, एक अक्षरे पाठवण्याची आणि एक तबकडीवरून येणारा मूळ संकेत थोपवून धरण्याची. चार तारांची टोके आठ, म्हणजे जोडही आठ. आणि चिप बसवल्यावर कन्सोल तिला दाद देत नाही तेव्हा दोष बहुतेक वेळा चिपमध्ये नसून या आठांपैकी एखाद्या जोडात असतो. नवशिक्याचा हात अशा वेळी लगेच सोल्डरिंग आयर्नकडे जातो आणि संशय येईल तो जोड पुन्हा तापवला जातो. ही सवय फार महागात पडते, कारण प्रत्येक तापवणीत बोर्डाचे थोडे तरी आयुष्य खर्ची पडते आणि मूळ दोष कोणता होता याचा पुरावाही वितळून जातो. आधी पाहावे, मग मोजावे आणि सर्वांत शेवटी तापवावे, हा क्रम पाळण्यामागे पक्की भौतिक कारणे आहेत.

त्याआधी कायद्याची बाजू नोंदवणे आवश्यक आहे. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेल्या कलम ६५ए नुसार, कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षणाला बगल देणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा आणि दंडाचा गुन्हा आहे. स्वतःच्या मालकीच्या जुन्या यंत्रावर दुसऱ्या देशात विकत घेतलेला अस्सल खेळ चालवू पाहणारा संग्राहक आणि नकली तबकड्यांचा धंदा करणारा विक्रेता यांच्या हेतूंत मोठा फरक आहे, मात्र अनेक देशांचे कायदे हा फरक सारख्याच उदारपणे मानत नाहीत. येथे विषय आहे तो जोडाचा. आणि जोडाविषयी जे खरे आहे ते जुना रेडिओ, टीव्हीचा रिमोट किंवा मोटारीतले नियंत्रक मंडल यांनाही तितकेच लागू पडते.

सोल्डर हे गोंदासारखे चिकटते, ही समजूत बहुतेक चुकांच्या मुळाशी आहे. वितळलेले कथील तांब्याला भिडते तेव्हा दोन्ही धातूंच्या सीमेवर कथील आणि तांबे यांच्या संयुगाचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि जोडाची ताकद त्या थरातून येते. हा थर तयार होण्यासाठी दोन अटी आहेत: तांबे स्वतः सोल्डरच्या वितळण्याच्या तापमानावर गेलेले असले पाहिजे आणि त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचे आवरण असता कामा नये. दुसरी अट फ्लक्स पूर्ण करते. इलेक्ट्रॉनिक कामातले फ्लक्स मुख्यतः रोझिनचे, म्हणजे चीडाच्या झाडाच्या राळेपासून काढलेले असते. तापल्यावर त्यातली सौम्य आम्ले ऑक्साइड विरघळवतात आणि वितळलेला धातू पसरायला वाट मोकळी करतात. कल्हईवाला तापलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यावर कथील फिरवण्याआधी नवसागर टाकतो, त्यामागचे रसायनशास्त्र हेच आहे. मात्र फ्लक्सचे काम काही क्षणांचेच असते. ते धूर होऊन उडते किंवा जळून काळे पडते आणि त्यानंतर त्याच जागी आयर्न टेकवत राहिले तर धातू स्वच्छ होण्याऐवजी त्यावर नवे ऑक्साइड चढत जाते. जोड सुधारायचा असेल तर नव्या फ्लक्सचा थेंब आधी हवा, हे यावरून उघड होते. तरीही घरगुती दुरुस्तीत सर्वाधिक विसरली जाणारी गोष्ट हीच असते.

दोषाचा शोध जोडाकडे पाहण्यापूर्वीच, कन्सोलच्या वागण्यापासून सुरू होतो. पहिल्या प्लेस्टेशनमध्ये त्याच देशासाठी बनवलेली अस्सल तबकडी घालून पाहणे ही सर्वांत उपयुक्त चाचणी आहे. ती तबकडी चालली आणि परदेशी तबकडी चालली नाही, तर कन्सोल निरोगी आहे आणि चिपचा संकेत पोचत नाही एवढाच निष्कर्ष निघतो. शोध चार तारांपुरता मर्यादित होतो. अस्सल तबकडीही चालेनाशी झाली, तर बसवताना काहीतरी बिघडवले गेले आहे असा संशय घ्यावा लागतो: शेजारच्या दोन पायांवर सोल्डर पसरले असेल, एखादा ट्रॅक म्हणजे बोर्डावरची तांब्याची वाट तुटली असेल, किंवा चिप मूळ संकेत कायमचा दाबून धरत असेल. कन्सोलचा दिवाच लागत नसेल तर वीजपुरवठ्यात शॉर्ट आहे असे गृहीत धरून वीज तत्काळ काढावी आणि मीटरने खात्री झाल्याशिवाय पुन्हा देऊ नये. कन्सोलचा वीजपुरवठा खोक्याच्या आत उघडा असतो आणि वीज काढल्यानंतरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ धोकादायक दाब साठून राहतो, हे उत्साहाच्या भरात विसरता कामा नये.

यानंतर डोळ्यांचे काम येते. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि तिरपा प्रकाश एवढ्या साधनांवर निम्मे दोष सापडू शकतात. चांगला जोड कडेला निमुळता होत पॅडवर, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यावर, पसरलेला असतो आणि त्यात तारेचा आकार पुसट का होईना पण दिसतो. सोल्डर पॅडवर गोळीसारखे बसले असेल आणि त्याची कड आत वळलेली असेल, तर पॅड पुरेसे तापले नव्हते किंवा अस्वच्छ होते. दुरुस्तीच्या दुकानांत ज्याला ड्राय सोल्डर म्हणतात तो दोष बहुधा असाच जन्मतो: आयर्नच्या टोकावर वितळवलेले सोल्डर थंड पॅडवर नेऊन ठेवले जाते, ते वरच्या वर गोठते आणि दोन्ही धातू नुसते एकमेकांना टेकून राहतात. असा जोड सुरुवातीला चालतो, यंत्र गरम झाल्यावर किंवा हलवल्यावर सुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालतो, त्यामुळे दोष चिपचा की तबकडीचा या गोंधळात बराच वेळ जातो. गोठत असताना तार हलली तरी जोडाचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि आत बारीक भेगा राहतात. केवळ चकाकीवरून मात्र निवाडा करू नये, कारण शिसेविरहित सोल्डरचा निर्दोष जोडही मंद आणि किंचित दाणेदार दिसतो.

ड्राय सोल्डरची सर्वाधिक शक्यता ग्राउंडच्या जोडात असते. ग्राउंडचे पॅड बोर्डभर पसरलेल्या तांब्याच्या पत्र्याशी जोडलेले असते आणि तो पत्रा उष्णता वेगाने ओढून घेतो, त्यामुळे बारीक संकेताच्या पॅडला पुरणारे टोक येथे अपुरे पडते. अशा जागी तापमान वाढवत नेण्यापेक्षा रुंद टोक लावणे अधिक हिताचे असते, कारण पॅडपर्यंत किती उष्णता पोचते हे टोकाच्या तापमानाइतकेच त्याच्या संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. शिसेयुक्त सोल्डरसाठी टोक ३२० ते ३५० अंश सेल्सिअसवर ठेवून दोन-तीन सेकंदांत जोड पूर्ण व्हावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. तेवढ्यात सोल्डर वाहिले नाही तर आयर्न उचलावे आणि का वाहिले नाही याचा विचार करावा.

डोळ्यांना जे दिसत नाही ते मल्टिमीटर सांगतो, पण त्याला प्रश्न नीट विचारावा लागतो. वीज पूर्ण बंद असताना कंटिन्युइटी, म्हणजे वाट अखंड असल्यास बीप वाजवणारी चाचणी, करताना मीटरची अणकुचीदार टोके जोडावरच दाबली जातात आणि त्या दाबाने तुटका जोडही क्षणभर जुळतो; मीटर वाजतो आणि दोष लपतो. म्हणून एक टोक चिपच्या पायाच्या वरच्या उघड्या धातूवर आणि दुसरे, पॅडच्या पुढे तीच वाट जेथे पोचते त्या आयसीच्या पायावर टेकवावे, म्हणजे तार आणि तिचे दोन्ही जोड एकाच वेळी तपासले जातात. चाचणी चालू असताना लाकडी काडीने तार हलकेच हलवावी आणि बीप तुटते का ते ऐकावे. त्यानंतर वीज सुरू करून चिपच्या स्वतःच्या पुरवठ्याच्या आणि ग्राउंडच्या पायांमध्ये दाब मोजावा. प्लेस्टेशनच्या तर्कमंडलाचा पुरवठा सुमारे साडेतीन व्होल्टचा असतो; तारेच्या कन्सोलकडील टोकाला तो मिळतो आणि चिपच्या पायावर मिळत नाही, तर दोष त्या दोन बिंदूंच्या मध्येच आहे. वीज चालू असताना मीटरचे टोक घसरून दोन पाय जोडले गेले तर शाबूत आयसीही जळू शकतो, तेव्हा हात टेकलेला आणि स्थिर हवा.

शॉर्ट, म्हणजे शेजारच्या दोन पायांमध्ये पडलेला सोल्डरचा पूल, हा सहज दुरुस्त होणारा दोष आहे. त्या जागी भरपूर फ्लक्स लावून स्वच्छ टोक पायांच्या दिशेने ओढले की सोल्डर पृष्ठताणामुळे टोकाकडे येते; उरलेले सोल्डर तांब्याच्या विणलेल्या पट्टीने, म्हणजे सोल्डर विकने, शोषून घेता येते. मात्र ही पट्टी गोठलेल्या अवस्थेत खेचली तर पॅडही तिच्याबरोबर येते, आणि तेथून खरी अडचण सुरू होते.

पॅड उखडणे हा या कामातला सर्वांत गंभीर अपघात आहे. बोर्ड काचतंतू आणि इपॉक्सी रेझिन यांचे बनलेले असते आणि मिलिमीटरच्या काही शतांशांइतक्या जाडीचे तांबे त्यावर रेझिनच्या बळावरच धरलेले असते. तापमान वाढले की रेझिन मऊ पडते आणि बोर्ड जाडीच्या दिशेने तांब्यापेक्षा कितीतरी अधिक फुगते. त्याच वेळी ताठ तारेने पॅडला ओढ दिली तर ते सुटणारच. तिसऱ्या-चौथ्या वेळी तापवलेले पॅड पहिल्या वेळेपेक्षा सहज निघते, आणि आधी मोजण्याचा आग्रह प्रामुख्याने यासाठीच आहे. पॅड उखडले म्हणजे बोर्ड गेले असे मात्र समजू नये. ज्या ट्रॅकला ते जोडलेले होते तो मीटरच्या साहाय्याने शोधावा आणि त्याच वाटेवर पुढे एखादे वाया म्हणजे बोर्डाच्या दोन थरांना जोडणारे बारीक छिद्र, एखादा रोधक किंवा आयसीचा पाय असेल तर तार तेथे जोडावी. तसा दुसरा बिंदू नसेल तर ट्रॅकवरचे हिरवे आवरण धारदार पात्याने एक-दोन मिलिमीटर खरवडून तांबे उघडे करावे, त्यावर फ्लक्स लावून सोल्डरचा पातळ थर द्यावा आणि केसासारख्या तारेचे टोक ट्रॅकला समांतर ठेवून जोडावे. जोड पडताळून झाल्यावर त्यावर अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या आवरणाचा थेंब टाकला की ओढ ट्रॅकवर न येता आवरणावर येते. धीराने केलेली अशी दुरुस्ती मूळ पॅडाइतकीच टिकू शकते.

तारेची निवड पुष्कळांना गौण वाटते, पण अनेक दोष तिच्यातूनच उद्भवतात. साधारण पाव मिलिमीटर व्यासाची, एकाच धाग्याची आणि उष्णता सोसणाऱ्या आवरणाची तार या कामाला सोयीची असते. साध्या पीव्हीसीचे आवरण आयर्नच्या उष्णतेने मागे सरकते आणि उघडी पडलेली तार शेजारच्या पायाला टेकते. जाड तार ताठपणामुळे पॅडवर तरफेसारखा जोर देते. इनॅमल चढवलेल्या बारीक तारेचे आवरण डोळ्यांना दिसत नाही, आणि ते जाळून किंवा खरवडून काढले नाही तर सोल्डर तारेभोवती गोठते, पण वीज वाहत नाही. तारेची लांबी किती चालेल हे कन्सोलवर अवलंबून असते. पहिल्या प्लेस्टेशनच्या अक्षरांचा एक बिट सुमारे चार मिलिसेकंद टिकतो, इतक्या संथ संकेताला दहा-पंधरा सेंटिमीटरची तारही बाधत नाही. मार्च २००० मध्ये जपानमध्ये आलेल्या प्लेस्टेशन २ च्या अनेक मॉडचिपांना मात्र वीसहून अधिक तारा लागत आणि त्यांतल्या बऱ्याच बायॉस म्हणजे आरंभीची आज्ञावली साठवणाऱ्या स्मृतीच्या वेगवान वाहिन्यांना जोडाव्या लागत. तेथे मीटरने प्रत्येक जोड अचूक ठरवला तरी लांब आणि एकमेकींना चिकटून नेलेल्या तारांतले संकेत एकमेकांत मिसळतात आणि कन्सोल कधी सुरू होतो, कधी नाही. उपाय एवढाच की तारा आखूड कराव्यात आणि चिपजवळ ग्राउंडचा जोड भक्कम द्यावा.

लक्षणावरून दोषाची जागा कशी ओळखता येते याचा उत्तम नमुना नोव्हेंबर २००१ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये दिसतो. त्याच्या बोर्डावर एलपीसी नावाच्या जोडणीसाठी छिद्रांच्या दोन ओळी असतात आणि मॉडचिप तेथे पिनांवर बसते. याशिवाय डी-शून्य नावाची एकच तार असते. ती मूळ बायॉसच्या एका वाहिनीला ग्राउंडशी जोडते, त्यामुळे मूळ आज्ञावली वाचता येईनाशी होते आणि कन्सोल एलपीसीकडे वळतो. आता, चिप बसवूनही यंत्र जणू काहीच घडले नाही अशा थाटात मूळ आज्ञावलीने सुरू झाले, तर डी-शून्यचा जोड तुटलेला आहे. यंत्र सुरू होऊन बंद पडले, असे पुन्हा पुन्हा झाले आणि शेवटी दिवा लाल-हिरवा लुकलुकू लागला, तर डी-शून्य ग्राउंडला मिळाले आहे पण चिपकडून उत्तर येत नाही, म्हणजे दोष एलपीसीच्या पिनांत शोधावा. तेथील पहिला संशयित पुन्हा ग्राउंडच असतो, कारण त्याची छिद्रे जाड तांब्याशी जोडलेली असल्याने सोल्डर वरच्या तोंडाशी गोठते आणि छिद्राच्या तळापर्यंत उतरत नाही. १.६ या शेवटच्या आवृत्तीत एलपीसीच्या काही वाहिन्या उत्पादकाने तोडलेल्याच होत्या आणि त्या बारीक तारांनी पुन्हा जोडाव्या लागतात. हे माहीत नसले तर निर्दोष जोड विनाकारण तापवले जातात.

सोल्डरच्या मिश्रधातूंचाही येथे विचार करावा लागतो. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे यांचे मिश्रण नेमके १८३ अंशांना वितळते आणि मधल्या लिबलिबीत अवस्थेत न रेंगाळता गोठते, म्हणून हातकामाला ते सर्वांत सोयीचे ठरते. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिशावर निर्बंध आणल्यानंतरच्या बोर्डांवर बहुधा कथील, चांदी आणि तांबे यांचे मिश्रण असते आणि ते २१७ अंशांच्या पुढे वितळते. अशा जागी जुने सोल्डर आधी काढून टाकले तर जोड कमी उष्णतेत होतो. सुटे भाग काढण्यासाठी बिस्मथयुक्त, कमी तापमानाला वितळणारे मिश्रण वापरले असेल, तर त्याचा अंशही मागे ठेवू नये, कारण कथील, शिसे आणि बिस्मथ एकत्र आल्यास सुमारे ९६ अंशांनाच वितळणारा दुबळा जोड तयार होऊ शकतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर खरेदी करताना इलेक्ट्रॉनिक कामाचे रोझिन फ्लक्स आवर्जून मागावे; पत्रेकामाच्या आम्लयुक्त पेस्टने सोल्डर झटकन वाहते, पण उरलेले आम्ल ओल धरून बारीक तार महिन्याभरात कुरतडते. आयर्न अर्थिंगच्या तीन पिनांचे असावे, कारण दोन पिनांच्या स्वस्त आयर्नच्या टोकावर झिरपणारा विजेचा दाब चिपला मारक ठरू शकतो. रोझिनच्या धुराने दम्याचा विकार जडू शकतो, त्यामुळे खिडकी आणि पंखा हवाच; शिसे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

सर्व जोड निर्दोष ठरले आणि तरीही चिप चालली नाही, तर सोल्डरिंगला दोष देणे थांबवावे. प्लेस्टेशनचे बोर्ड पीयू-७ पासून पीयू-२३ पर्यंत बदलत गेले. सारख्या दिसणाऱ्या खोक्यांत जोडाचे बिंदू वेगळ्या जागी असतात आणि पीयू-२२ पासून, जी वाहिनी जुन्या बोर्डात नुसती खाली दाबून धरली की भागत असे, तिच्यावर ठरावीक लयीचा संकेत लागतो. म्हणून आकृती बोर्डावर छापलेल्या क्रमांकाशी जुळवून पाहावी. काही उशिरा आलेले खेळ, सतत अक्षरे पाठवत राहणारी चिप ओळखून मुद्दाम थांबतात. बाकीचे खेळ चालत असताना एखादाच अडला तर कारण जोडात नसते. झिजलेला लेझरही चिपच्या अपयशाचे सोंग घेतो, विशेषतः चकाकी कमी असलेल्या सीडी-आर तबकड्यांवर.

दुरुस्ती संपल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्सचे अवशेष पुसावेत, तारा एक-दोन ठिकाणी चिकटवाव्यात आणि चिपखाली विद्युतरोधक पट्टी द्यावी. बोर्ड उघडे असताना चाललेला कन्सोल खोके बंद करताच अडला तर बहुधा वरचे धातूचे कवच एखाद्या उंच जोडाला टेकते किंवा स्क्रूच्या बुंध्याखाली तार चिरडते. कवच काढून त्याच्या आतल्या बाजूवर नवा ओरखडा दिसतो का ते पाहावे आणि तारेची वाट बदलावी. त्यानंतर बंद खोक्यात अर्धा-पाऊण तास खेळ चालू ठेवून, यंत्र पुरते गरम झाल्यावर ते बंद करून पुन्हा सुरू करावे. भेगाळलेला जोड प्रसरणाने सुटतो तो याच वेळी.